जोराची स्प्रिंग टाकली आणि नेम गेला: छर्र्याच्या बंदुकीच्या 'ट्यूनिंग'बद्दल

आर्वीकडच्या एका पोराचा प्रश्न आहे. वडिलांची जुनी मोडणी नळीची (नळी वाकवून छर्रा भरायची) एअरगन त्याच्याकडे आहे, 0.177 बोअरची, म्हणजे नळीचं भोक 0.177 इंचाचं. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की रिकाम्या खळ्यात डबे आणि लिंबं ठेवून नेम धरायचा, एवढाच शौक. त्याने मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले. तिथे लोक .22 ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतात आणि तिचा ट्रिगर, नळी, बोल्ट, दस्ता सगळं एकेक करून बदलतात. ते पाहून याने नागपुराहून जोराची स्प्रिंग आणली, दोन मित्रांच्या मदतीने बसवली, आणि आता म्हणतो, "सर, आधी वीस पावलांवरून लिंबू लागत होतं, आता टमाटं बी लागत नाही. काऊन? आणि ट्रिगर घासून हलका केला तर जमंल का? पुढं .22 ची सेमी-ऑटो घ्यायचा विचार आहे, तिच्यात काय काय बदलता येते?"

बाबू, तीन प्रश्न एकात आहेत. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिसऱ्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं अर्धं तिथेच मिळतं.

मी शाळेत खेळ शिकवले, एनसीसीची पोरं फायरिंगला नेली, आणि आता तालुक्याच्या गावी जिनिंगच्या जुन्या गोदामात दहा मीटरची रेंज चालवतो. .22 चा माझा हात एनसीसीच्या बोल्टवाल्या रायफलींवर बसलेला आहे. एक गोळी घाला, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) लावा, मारा, बोल्ट ओढा, खोका, म्हणजे रिकामं काडतूस, पडला का बघा. सेमी-ऑटोत हे बोल्ट ओढायचं काम गोळीच करते. .22 च्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, तो काठाच्या घडीत फिरवलेला असतो. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. पिन काठावर आपटते, बार होतो, गोळी पुढे जाते आणि रिकामा खोका तेवढ्याच जोराने मागे रेटतो. त्याला अडवणारं काय? बोल्टचं वजन आणि त्यामागची स्प्रिंग, बस. नळीतला दाब उतरेपर्यंत बोल्टने तग धरायचा, मग मागे जायचं, खोका फेकायचा, परत येताना मॅगझिनमधली पुढची गोळी उचलून आत सारायची. हा सगळा तोल आहे. स्प्रिंग जड केली तर साधी गोळी बोल्टला पुरतं मागे ढकलू शकत नाही, खोका अर्ध्यात अडकतो. हलकी केली तर दाब असतानाच बोल्ट उघडतो आणि पितळेचा पातळ खोका फाटतो. म्हणजे तिथेही "जोराची स्प्रिंग म्हणजे चांगली बंदूक" हे गणित चालत नाही.

तू पाहिलेली रायफल बहुतेक रुगर 10/22 असणार. 1964 साली बाजारात आली, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, आणि तिच्यासाठी सुटे भाग एवढे मिळतात की आपल्याकडे बुलेट मोटरसायकलसाठी मिळत नसतील. पण त्या व्हिडिओतल्या लोकांचे हात नीट बघ. ट्रिगर बदलताना ते काय करतात? दोन आडव्या पिना काढतात, ट्रिगरचा अख्खा संच बाहेर येतो, आणि त्याच्या जागी कारखान्यातून तयार झालेला दुसरा संच जातो. कानस कोणी हातात घेत नाही. नळीसुद्धा तशीच. ती दोन स्क्रूंच्या पट्टीने रिसिव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या खोळीला, धरलेली असते, स्क्रू काढले की नळी बाहेर. बोल्ट मागे येऊन ज्या लोखंडी पिनेवर आदळतो तिच्या जागी प्लास्टिकसारखी बफर पिन टाकतात, त्याने खडखडाट कमी होतो. मॅगझिन काढायची खिट्टी लांब करतात, ती बोटाच्या सोयीसाठी. यातल्या निम्म्या गोष्टींचा नेमाशी काही संबंध नाही. नेम सुधारतो तो नळीने आणि गोळीने. एकाच रायफलीत चार कंपन्यांच्या गोळ्या मारून पाहिल्या तर चारही ग्रुप, म्हणजे कागदावरचे भोकांचे पुंजके, वेगळे पडतात. कुठलाही पार्ट विकत घ्यायच्या आधी तिथले जाणते लोक हेच करतात, पण त्याचा व्हिडिओ कंटाळवाणा होतो म्हणून तो कोणी बनवत नाही.

आणखी एक बघ. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायचा प्रकार) कांस्यपदक आणलं. त्या प्रकारात .22 च असते, पण एकेक गोळी हाताने घालायची. ऑलिंपिकमध्ये सेमी-ऑटो .22 दिसते ती 25 मीटरच्या पिस्तुल प्रकारांत. तेव्हा नेमबाजीच शिकायची असेल तर सेमी-ऑटोवाचून तुझं काही अडलेलं नाही.

आता कायद्याचं, थोडक्यात सांगतो, पण हे वगळून पुढे जाऊ नको. .22 ला परवाना लागतो, मग ती बोल्टची असो की कशाचीही. परवाना हातात आला तरी बंदूक उघडून तिच्यात बदल करायचा हक्क त्यासोबत येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 मध्ये शस्त्र बनवणं, विकणं यांच्यासोबत दुरुस्ती आणि रूपांतरही आहे. त्या धंद्याचा परवाना असलेल्या माणसाकडेच ते काम जायला पाहिजे. नळी कापून आखूड करायला तर कलम 6 वेगळं आहे. गावातल्या लेथवाल्याकडे यातलं काही नेलंस तर तुझ्यासोबत तो बिचाराही अडकेल. एअरगनला आपल्याकडे परवान्यातून सूट आहे ती एका मर्यादेत: बोअर 0.177 इंचापर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ताकद 20 ज्यूलपर्यंत. तुझी बंदूक नव्या स्प्रिंगनेही त्या आकड्याच्या जवळपास जाणार नाही, त्याचा हिशोब खाली येईलच. पण 'अजून जोराची, अजून जोराची' करत गेलेला माणूस एक दिवस ती रेघ ओलांडतो आणि त्याला कळतही नाही.

रानडुकरांचं तू विचारलं नाहीस, पण आपल्याकडे जोराची स्प्रिंग घेणाऱ्या दहातल्या सातांच्या मनात डुक्कर किंवा रोही (नीलगाय) असतो, म्हणून बोलतो. तुरीत, हरभऱ्यात रात्रीतून होणारी नासाडी मी माझ्याच वावरात पाहिली आहे. राग मलाही येतो. पण अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्याने डुक्कर मरत नाही. ते जखम घेऊन नाल्यात बसतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी धरायला गेलेल्या माणसावर येतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो बंदूक छर्र्याची होती म्हणून सोडत नाही. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करायचा रस्ता वेगळा आहे. पाखरांवरही मारायचं नाही. आणि बोर, पेंच, ताडोबा या जंगलांच्या बाजूला फिरायला जाताना तर ही बंदूक गाडीतसुद्धा नको.

चल, आता तुझ्या बंदुकीकडे येऊ.

स्प्रिंगच्या एअरगनमध्ये छर्रा कशाने सुटतो ते डोळ्यांसमोर आण. नळी मोडली की पिस्टन मागे जातो आणि स्प्रिंग दबते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते. पिस्टनचं वजन छर्र्याच्या कितीतरी पट, त्यामुळे तो पुढे निघाला की बंदूक मागे येते. पिस्टन समोरच्या दाबलेल्या हवेच्या उशीवर येऊन थांबला की बंदूक पुढे झटका खाते. म्हणजे एका बारात दोन झटके, एक मागे आणि एक पुढे, आणि हे सगळं होत असताना छर्रा अजून नळीतच असतो. .22 मध्ये गोळी इतक्या लवकर बाहेर पडते की तुझी चूक तिला तेवढी सापडत नाही. स्प्रिंगची बंदूक मात्र तुझी प्रत्येक चूक सोबत घेऊन छर्रा सोडते. म्हणून मी पोरांना म्हणतो, इच्यावर हात बसला की कोणत्याही रायफलीवर बसते.

तू स्प्रिंग जड केली म्हणजे दोन्ही झटके वाढवले. बदल्यात काय मिळालं? आमच्या रेंजवर अशाच एका बंदुकीला स्प्रिंग आधी आणि नंतर लावून वेग मोजला होता. 0.53 ग्रॅमचा छर्रा आधी सेकंदाला 170 मीटरने जायचा, नंतर 185 ने. ताकदीत म्हणशील तर 7.7 ज्यूलचे 9.1 झाले. 20 ज्यूल व्हायला हाच छर्रा 275 मीटरने जावा लागेल. म्हणजे कायद्याच्या बाजूने तू सुरक्षित आहेस. पण नेमाच्या बाजूने बघ. दहा मीटरवर जाता जाता छर्रा जो खाली पडतो, तो वेग वाढल्याने फार तर तीन मिलिमीटर कमी पडला. तीन मिलिमीटर! ते तर मागच्या साइटचा स्क्रू दोन-चार टिचक्या फिरवून फुकटात झालं असतं. आणि ग्रुप? आधी दहा छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे, नंतर त्यांना वाटी लागली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे जुनी स्प्रिंग परत. पण थांब. जी स्प्रिंग तुम्ही तिघांनी बसवली ती तुम्हीच काढायची नाही. बसलेली स्प्रिंगसुद्धा दबलेलीच असते. मागची पिन निघाली की ती छातीवर किंवा तोंडावर येते. बसवताना काही झालं नाही हे तुमचं नशीब. त्यासाठी स्क्रूने हळूहळू सैल करायचा शिकंजा लागतो, तो ज्याच्याकडे आहे त्या कारागिराकडे जा. जुनी स्प्रिंग आधी काचेवर लोळवून बघायची. सरळ लोळली तर ठीक. लंगडत लोळली तर ती वाकली आहे, मग त्याच मापाची नवी घे, जड नको. कारागिराला म्हण की स्प्रिंगच्या आतली गाइडची दांडी सैल असेल तर ती घट्ट मापाची कर, आणि स्प्रिंगवर घट्ट ग्रीसचा पातळ हात फिरव. बार झाल्यावर बंदूक 'टणण्ण' अशी गुणगुणते ना, ते सैल दांडीवर स्प्रिंग थरथरल्यामुळे. खरं ट्यूनिंग हे आहे. या कामानंतर वेग वाढला नाही तरी आवाज 'ठप्प' असा कोरडा येतो, आणि तो आवाज ऐकला की मला अजूनही बरं वाटतं.

तेलाचं सांगायला पाहिजे, कारण हा आपल्याकडचा घरोघरचा रोग आहे. बंदूक जाम वाटली की नळीच्या मागच्या छिद्रात शिलाई मशीनचं तेल सोडायचं, कोणी खोबरेल सोडतो, एकाने तर सरकीचं सोडलं होतं. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती एकदम तापते. तिच्यात तेलाचा फवारा असला की डिझेल इंजिनासारखा तो पेटतो. मोठा बार होतो, नळीतून धूर निघतो, आणि पोट्टे म्हणतात, "वा, काय जोर आला!" तो जोर पाच-सहा बारांत वॉशर खातो, स्प्रिंग मोडतो, आणि प्रत्येक बाराला वेगळा असतो. दर वेळी वेग वेगळा म्हटल्यावर नेम कुठून येणार? जुन्या देशी बंदुकीत वॉशर चामड्याचं असतं, त्याला वर्षाकाठी एखाद-दोन थेंब तेल लागतं हे खरं. पण ते कारागीर उघडेल तेव्हा त्याच्याच हाताने.

आता जे तुला घरी बसून करता येतं. नळी आणि सिलिंडर जिथे मिळतात तिथे एक वॉशर असतं, रबराचं किंवा चामड्याचं. तिथून हवा फुटत असेल तर बाकीचं सगळं वाया. हे तपासायला लोक पातळ कागद वापरतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे: एका बोंडातला कापूस घे, सरकी काढ, बोटांनी पिंजून अगदी जाळीसारखा कर आणि त्या सांध्यावर वरून ठेव. छर्रा घालून बार कर. कापूस जागचा हलला नाही तर सील चांगलं. उडून पडला तर वॉशर बदल, काही रुपयांचं काम आहे. छर्रा न घालता मात्र हे करू नको. कधीच करू नको. समोर छर्रा नसला की हवेची उशी बनत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. पाहुण्यांना दाखवताना रिकामी बंदूक 'फटाक' करून बंदुकी मेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मग स्क्रू. दस्त्याला पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगरच्या कड्याशी एक-दोन स्क्रू असतात. दोन झटक्यांच्या बंदुकीत ते शे-दीडशे बारांत सैल होतात, आणि आपल्याकडे तर लाकूडही खेळतं. श्रावणात फुगतं, वैशाखात आटतं. उन्हाळ्यात कसलेले स्क्रू पावसाळ्यात लाकडात रुततात, आणि पावसाळ्यातले उन्हाळ्यात सैल पडतात. माझ्याकडे 'नेम गेला' म्हणून येणाऱ्या बंदुकांपैकी निम्म्या मी स्क्रू कसून परत देतो आणि चहा पिऊन घेतो. नीट मापाचा पेचकस घ्यायचा, मनगटाच्या जोराने कसायचं, हँडलला पान्हा लावून नाही. वारंवार सैल होत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब, लाल नाही, लाल निघत नाही. नळीच्या बिजागरीचा बोल्टही बघ. नळी अर्धी मोडून डावी-उजवीकडे हलवून पाहा. हलली तर तोही कसायचा आहे. नळी दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल तर नेमाची बोंबच.

छर्र्याचं तू काहीच लिहिलं नाहीस, तेव्हा तू बाजारातला मिळेल तो डबा आणत असणार. डबा उघड आणि वीस छर्रे पांढऱ्या कागदावर उभे कर. मागचा घागरा, म्हणजे पोकळ बाजू, किती जणांचा चेपलेला आहे ते बघ. स्वस्त डब्यात मी दहात तीन चेपलेले मोजले आहेत. हा घागराच छर्र्याला नळीत घट्ट बसवतो आणि नळीच्या आतल्या आट्यांवर फिरवतो. तो वाकडा तर छर्रा वाकडा. चपट्या तोंडाचे छर्रे घे, ते कागदात पंचने मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडतात आणि दहा मीटरला त्याहून चांगलं काही नाही. चांगल्या डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असं. तुझ्या नळीला कोणतं आवडतं ते बंदूकच सांगेल. दोन-तीन प्रकार आण, डबा बदलला की पहिले पंधरा-वीस छर्रे मोजायचे नाहीत, नळीला नव्याची सवय होऊ दे, मग दहाचा ग्रुप. पाचच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नको. पाच छर्रे नशिबाने एका जागी पडतात, दहा पडत नाहीत. आणि एक सवय मोड. बार करताना पुढचे छर्रे ओठांत धरतोस का? सगळेच धरतात. शिसं आहे ते. नंतर हातही साबणाने धू आणि मगच भाकर खा.

ट्रिगर. इथे मी माझ्या डाव्या अंगठ्याची गोष्ट सांगतो.

मी तेव्हा तिशीत होतो आणि मला वाटायचं की मला सगळं कळतं. माझ्या बंदुकीचा ट्रिगर जड होता, ओढायला अडीच किलोच्या आसपास. मी उघडला. पिस्टनला अडवणारा जो दात असतो, त्याची कड बारीक कानशीने दोन-चार हात घासली आणि सँडपेपरने चकचकीत केली. काय लोण्यासारखा झाला म्हणून सांगू! दोन दिवस शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. तिसऱ्या दिवशी नळी मोडली, छर्रा घालायला अंगठा पुढे केला, आणि ट्रिगरला बोट लागलेलं नसताना दात सुटला. स्प्रिंगने नळी एका झटक्यात वर फेकली. अंगठ्याचं नख गेलं, वरचं हाड चिरलं, नळी मधून वर वाकली. नख परत आलं ते आजही वाकडंच आहे. नळी भंगारात गेली. त्या दातावर वरवरचा कडकपणा दिलेला असतो. कानशीने तो थर गेला की खालचं मऊ लोखंड दोन दिवसांत झिजतं. हे मला नंतर कारागिराने सांगितलं, हसत हसत.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. ट्रिगरच्या मागे कारखान्याने दिलेला स्क्रू असेल तर तो पाव-पाव फेरा फिरवून बघ, तेवढंच. आधी वजन मोज. कापूस वेचणीला ज्या हुकाच्या काट्याने गाठोडी मोजतात तो दहा-वीस किलोचा असतो, तो इथे चालत नाही. पाच किलोपर्यंतचा छोटा काटा घे. बंदूक उशीवर ठेव, छर्रा भर, तोंड टार्गेटच्या पेटीकडे, मग काट्याचा हुक ट्रिगरला लावून सरळ मागे ओढ आणि सुटताना आकडा बघ. दहा वेळा. आकडा दोन किलो असेल तरी घाबरू नको. दर वेळी दोनच येत असेल तर बोटाला तो पंधरा दिवसांत पाठ होतो. एकदा दीड, एकदा अडीच असं येत असेल तर मात्र कारागीर. आणि ट्रिगर कसाही असला तरी छर्रा घालताना एका हाताने नळी घट्ट धरूनच ठेवायची. माझ्या रेंजवर जो पोरगा नळी सोडतो तो त्या दिवशी घरी जातो.

आता धरण्याचं. हे सगळ्यात फायद्याचं आहे आणि याला पैसा लागत नाही. तू व्हिडिओत लोक रायफल रेतीच्या पोत्यावर घट्ट दाबून धरताना पाहिले असतील. .22 ला ते चालतं. स्प्रिंगची बंदूक कठीण गोष्टीवर टेकवली की तिथून टप्प्या मारते आणि छर्रे वर जातात. तिला मोकळं सोडायचं. डावा तळवा उघडा ठेव, त्यावर बंदूक नुसती निजव, बोटांनी आवळू नको. खांद्याला हलकी टेकव. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी. लहान पोराला झोपेतून उचलून बाजेवर ठेवतात तेवढ्या हाताने. तळवा दस्त्याखाली कुठे ठेवायचा ते शोधून काढ: एक इंच पुढे, एक इंच मागे करत दहा-दहाचे ग्रुप मार, जिथे सगळ्यात लहान पडेल तिथे दस्त्याच्या खाली चिकटपट्टीचा तुकडा लाव. बार झाल्यावर लगेच डोकं उचलून कुठे लागलं ते बघू नको. 'एक, दोन' म्हण, मग उचल. तुझा बिघडलेला नेम स्प्रिंगने जितका गेला तितकाच या सवयीने गेला असेल, कारण जड झटका येणार म्हटल्यावर माणूस आपोआप बंदूक आवळतो.

दुर्बीण लावायची घाई करू नको. स्वस्त दुर्बिणी .22 च्या एकाच बाजूच्या झटक्याच्या हिशोबाने बनतात. स्प्रिंगच्या बंदुकीचा उलटा झटका त्यांची आतली काच महिनाभरात सैल करतो आणि तू बंदुकीला शिव्या देत बसतोस. नळीच्या टोकाची साधी माशी आणि मागची खाच यांच्यावर आधी हात बसव. पैसे असतील तर मागे भोकाची साइट बसव, सामन्यात तीच चालते.

खळ्याबद्दल दोन गोष्टी. डब्यावर, दगडावर, कडक लाकडावर छर्रा मारला की तो उलटा येतो. एकदा तरी आला असेल तुझ्याकडे, नाही का? लाकडी खोका कर, आत मागच्या बाजूला लोखंडी पत्रा खाली झुकता लाव आणि पुढे चिंध्या ठासून भर, समोर कागद. छर्रा आत मरतो आणि शिसं एका जागी जमतं. डोळ्याला चष्मा लाव, पेरणीला औषध फवारताना लावतात तो पारदर्शक चालेल. आणि खोक्यामागे कोण येऊ शकतं ते बघ. आपल्याकडे धुऱ्यावरून बायामाणसं कधी येतील याचा नेम नाही. .22 घ्यायची म्हणतोस ना, तिची साधी गोळी तुझ्या छर्र्याच्या पंधरा पट ताकदीची असते आणि दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. ती खळ्यात मारायची वस्तूच नाही, तिला रेंजच पाहिजे. म्हणून .22 चा विचार करायच्या आधी जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनची चौकशी कर, तिथे दहा मीटरच्या एअर रायफलपासून सुरुवात होते. त्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ अर्धा मिलिमीटरचं असतं, पेनाने दिलेला ठिपका. दहा मीटरवरून उभ्याने. एकदा करून बघ, लिंबू मोठं वाटायला लागेल.

दुपारी मारू नको, हेही सांगून ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या खोलीत ठेवलेली बंदूक हाताला चटका देते, आतलं ग्रीस पातळ होतं आणि छर्रे सकाळपेक्षा वेगळीकडे लागतात. सकाळी सहा ते आठ, हवा सुटायच्या आधी. जे माप घ्यायचं ते त्याच वेळी.

तू लिहिलंस की जुनी स्प्रिंग गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवली आहे. ती आधी काढून घे. गोठ्याच्या ओलीने तिला गंज धरतो, आणि गंजलेली स्प्रिंग मध्येच मोडते. रॉकेल लावून पूस, कापडात गुंडाळ. या महिन्यात कधीही रविवारी सकाळी बंदूक पिशवीत घालून, छर्रे वेगळ्या डब्यात ठेवून एसटीने ये. बंदुकीची पावती सोबत असू दे, रस्त्यात कोणी विचारलं तर दाखवायला. शिकंजा माझ्याकडे आहे, कारागीर दहा वाजता येतो. नवी जोराची स्प्रिंगही आण. तिचे वेटोळे छान सारखे असतात, गोदामाच्या दाराला ती लागणार आहे, ते दार वाऱ्याने सारखं उघडतं.